उधाण, वय वर्षं तीन

रात्री अकराला गेममधला महिना संपतो.
त्याच्या आत चारा, पाणी, खरारा,
आणि डावा पुढचा खूर दोनदा साफ करायचा,
तिथं तो दुखरा आहे, असं खाली बारीक अक्षरांत येतं.
मी हर्णैच्या बंदरावर लिलाव पुकारते.
आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही.

बाप मतलई, आई पुळण. नावं माझीच.
मतलई म्हातारा होता, म्हणून परवडला.
पुळण गाभण राहिली त्या रात्री नवऱ्यानं विचारलं,
कुणाचा मेसेज, एवढी हसतेस?
अकरा महिने, म्हणजे अकरा रात्री.
शिंगरू उठलं, पडलं, उठलं, बाजूला कलंडलं
(तेवढं मात्र त्यांनी खरं काढलंय)
आणि कपाळावर पांढरा ठिपका, वाकडा,
फाटलेल्या जाळ्याच्या भोकासारखा.

त्याला छत्तीस रात्री झाल्या.
आज पारख.
गती एक्क्याऐंशी. दम अठ्ठ्याऐंशी. उडी चौसष्ट.
स्वभाव बावन्न.
मान, खांदा, पाठ, सगळ्यांचे आकडे वेगवेगळे,
सरासरी एकाहत्तर.
पैदाशीच्या वहीत नाव लागायला पंचाहत्तर हवेत.

खाली दोन बटणं.
विका.
खच्ची करा.
दुसरं दाबलंत तर स्वभाव वीसनं वाढेल, हेही लिहिलंय,
कांद्यावर कोथिंबीर फुकट देतात तसं.

मी तरी रोज काय करते?
सुरमईचा कल्ला उचलून आतली लाली बघायची,
पाठीवर बोट दाबायचं, खळगा भरून येतो का,
मी ठरवायच्या आत तोंडातून आकडा बाहेर.
फार वेळा चुकले नाही.
एकदाच, वादळाचा बावटा लागला त्या दिवशी,
घाई होती, सगळे आभाळाकडे बघत होते,
रेवती पावशेची पापलेटांची पाटी
मी सहाशेनं खाली सोडली.
ती काही बोलली नाही.
अजून बोलत नाही.

संध्याकाळी फोन इस्माईलचाचांना दाखवला.
त्यांचे बैल गाडीसकट छातीभर पाण्यात शिरतात,
लाट आली की नुसती शिंगं दिसतात.
चष्मा नव्हता. फोन हातभर लांब धरला.
"कुमैत आहे," म्हणाले. "कान चांगले."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "याच्या अंगावर माशी बसते?"
नाही बसत, म्हटलं.
"मग कळायचं कसं?
माशी बसली की जनावर कुठलं कातडं, किती थरकवतं,
ते बघून मी बैल घेतो.
आकडे काय, आकडे दलालपण सांगतो."
फोन परत दिला.
काचेवर त्यांच्या अंगठ्याचं मीठ.

साडेदहा.
नवरा झोपलाय. पाट्या धुऊन पालथ्या घातल्यात,
वास काही जात नाही.
उधाण तबेल्यात, भार या पायावरून त्या पायावर.
उडी चौसष्ट, पण मी त्याला कुंपणापाशी
न सांगता थांबताना पाहिलंय,
पलीकडे काहीच काढलेलं नसताना.
त्याला कुठल्या रकान्यात घालतात?

माझ्या मनगटावरची माशी उठली
आणि उजेडाला जाऊन काचेवर बसली.
त्याच्या खांद्यावर.
तिथून मानेवर चालत गेली.
मी श्वास धरला.

कान हलला.

तो तसाही हलतो, दर नऊ सेकंदांनी. मी मोजलंय.
आजही मोजत होते.
सात झाले होते.

अकराला पाच कमी.
वहीत नाव नसलेला नर ठेवायचा तर
रोजची चाळीस नाणी दंड.
चारा घातला. डावा खूर दोनदा.
चाळीस भरली.